जंगल तोडून कुरण केल्यास पाणी आणि पोषकद्रव्यांच्या चक्रावर काय परिणाम होतो?

सर्वात मोठा फरक मुळांचा. ॲमेझॉनच्या पूर्व भागात झाडांची मुळं ८ मीटरहूनही खोल जातात, म्हणून कोरड्या महिन्यांतही ती पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात. गवताला हे तितकं जमत नाही. बाष्प घटतं, वाऱ्याच्या दिशेला पुढे पडणारा पाऊसही कमी होऊ शकतो. गुरांच्या खुरांनी माती दबते, पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं, सोबत गाळही नेतं.

पोषकद्रव्यांबाबत सुरुवात फसवी असते. जाळलेल्या झाडांच्या राखेतून कॅल्शियम, पोटॅशियम मिळतं, आम्लता उतरते, गवत जोमानं वाढतं. पण जाळतानाच बराचसा नायट्रोजन हवेत गेलेला असतो. पुढे उपलब्ध फॉस्फरस घटतो, कारण उष्ण प्रदेशातल्या लाल मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम तो धरून ठेवतात. काही वर्षांत कुरण खुरटतं, आणि मग आणखी जंगल तोडलं जातं.