पोस्टफिक्स किंवा एक्झिम हा मेल सर्व्हर नीट चालू असेल तर अपडेट करायची खरंच गरज आहे का?

हो, आहे. मेल सर्व्हरचं २५ नंबरचं पोर्ट साऱ्या जगाला उघडं असतं, आणि जुन्या त्रुटी हुडकणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) तिथे येतच राहतात.

एक्झिमचंच बघा. दूरवरून रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, अधिकाराने कमांड चालवता येईल अशी त्रुटी जून २०१९ मध्ये जाहीर झाली. ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत ती होती. फेब्रुवारीत आलेल्या ४.९२ मध्ये ती आधीच दुरुस्त झालेली होती, फक्त ती सुरक्षेची बाब आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नियमित अपडेट करून ४.९२ वर गेलेले आपसूक वाचले. म्हणून ‘फक्त गंभीर पॅचच (दुरुस्त्याच) लावू’ हे धोरण मला पटत नाही.

शक्यतो तुमच्या डिस्ट्रोचंच, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्स वितरणाचंच, पॅकेज वापरा आणि सुरक्षा अपडेट आपोआप लागू द्या. डेबियनमध्ये आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी दुरुस्ती आत आलेली असते, तेव्हा आकड्यावरून घाबरू नका, चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, वाचा. तो वाचाच, कारण कधीकधी पॅच पुरत नाही: २०२३ च्या एसएमटीपी स्मगलिंगवरचं (एका मेलच्या आत दुसरा बनावट मेल घुसवण्याच्या हल्ल्यावरचं) संरक्षण पोस्टफिक्सच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत सेटिंग बदलून चालू करावं लागत होतं.

अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट झाली का तेही तपासा. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी बदलली तरी चालू प्रोसेस जुनीच लायब्ररी धरून बसते.