धाकट्याची झोप आणि थोरलीचे बोलणे

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहते. मोठी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे आणि मुलगा दोन महिन्यांचा. बाळंतपण माहेरी झाले, सव्वा महिन्यानंतर मी दोन्ही मुलांना घेऊन सासरी परतले. यजमान सकाळच्या गाडीने जळगावला कामाला जातात आणि रात्री आठला येतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी स्वयंपाक त्याच पाहतात. मुलगी सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत बोलत असते. ‘भाऊ काबर रडी ऱ्हायना?’, ‘त्याले दात काबर नही?’ असे तिचे प्रश्न संपतच नाहीत. घरात कूलर एकाच खोलीत आहे, त्यामुळे दुपारी आम्ही सगळे तिथेच असतो. बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच ती बोलू लागते, बाळ दचकून उठते, आणि दिवसभर माझ्या तोंडी ‘गप्प बस’ हे दोनच शब्द राहतात. गेल्या तीन आठवड्यांपासून ती बोलताना अडखळते, ‘म-म-मला’ असे म्हणते. रात्री अंथरूणही ओले करू लागली आहे. परवा ती म्हणाली, ‘बाळाला दवाखान्यात परत देऊन ये.’ मी तिला चापट मारली आणि नंतर आम्ही दोघीही रडलो. अक्षय्य तृतीयेला माझी आई तिला महिना-दोन महिन्यांसाठी घेऊन जाते म्हणते. पाठवू का? माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलीविषयीची तक्रार थोडी आहे आणि स्वतःविषयीची बरीच जास्त आहे, म्हणून चापटीपासूनच सुरुवात करते. त्या चापटीबद्दल तुम्ही मुलीची क्षमा मागितली नसेल, तर आज मागा. ‘मी तुला मारले, ते माझे चुकले, तुला लागले असेल’ एवढी दोन वाक्ये सव्वातीन वर्षांच्या मुलीला नीट समजतात. त्यांच्या पाठोपाठ ‘पण तूही तसे बोलायला नको होतेस’ हे वाक्य मात्र जोडू नका, कारण ती जे बोलली त्यात गैर काहीच नव्हते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत जी आई सबंध तिची होती, ती आता तिला तुकड्यातुकड्याने मिळते, आणि हा बदल ज्याच्यामुळे झाला त्याला परत पाठवावे, हा तिच्या वयाला सुचणारा सर्वांत सरळ उपाय आहे. पुन्हा ती असे म्हणाली, तर रागावू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. ‘तुला आधीसारखी आई हवी आहे ना? मलाही तुझ्याजवळ बसायला हवे असते. बाळ आता आपल्याकडेच राहणार आहे, पण तुझी आई कुठेही जाणार नाही,’ असे जवळ घेऊन सांगा. दहादा म्हणाली, तर दहादा सांगा.

आता झोपेचा प्रश्न. दोन महिन्यांच्या बाळाची झोप मुळातच तुटक असते. बाळ दिवसरात्र मिळून साधारण 14 ते 17 तास झोपते, पण सलग नव्हे, आणि अनेकदा ते भुकेने किंवा ओल्या दुपट्यामुळे उठते. त्याच वेळी शेजारी ताई बोलत असली, की दोष तिच्या माथी जातो. अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने बाळ दचकते हे खरे. परंतु सतत चालणाऱ्या साध्या बोलण्याची त्याला सवय होते, आणि तुमच्याकडे तर कूलरची एकसारखी घरघर आहे, जी बाहेरचे आवाज बरेचसे झाकून टाकते. शिवाय या वयात बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक हळूहळू कळू लागत असतो. दिवसा घरात उजेड आणि माणसांचे आवाज, रात्री अंधार आणि शांतता असे असले, की त्याचे घड्याळ लवकर बसते. म्हणून भर दुपारी सगळे घर निःशब्द ठेवण्याचा अट्टहास सोडा. मुलीला ‘गप्प बस’ म्हणण्याऐवजी ‘कानात सांग’ म्हणा. गप्प बसणे हे तिच्या वयाच्या मुलीच्या हातात जवळजवळ नसते. कुजबुजणे मात्र तिला खेळासारखे वाटते, आणि कुजबुजायचे तर आईच्या अगदी जवळ यावे लागते, जे तिला मुळात हवेच आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पाजण्याच्या वेळेची आहे. या वयाचे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिते. आठच वेळा धरले आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटे लागली, तरी ते दोन तास चाळीस मिनिटे होतात. या वेळात मुलीला बाजूला बसवून ठेवले जाते, कारण आई कामात असते. पण पाजताना तुमचा एक हात गुंतलेला असतो. कान, तोंड आणि डोळे मोकळेच असतात. दिवसाची पाजण्याची वेळ हीच तुम्ही मुलीची बोलण्याची वेळ करून टाका. ‘बाळ दूध पिणार, म्हणजे आपल्या दोघींच्या गप्पांची वेळ झाली,’ असे तिला आठ दिवस रोज ऐकू आले, की बाळाचे पिणे ही तिच्या दृष्टीने काहीतरी हिरावून घेणारी गोष्ट उरणार नाही. एक पिशवी फक्त याच वेळी बाहेर काढायची म्हणून ठेवा. तिच्यात जुन्या लग्नपत्रिका, रंगीत कापडाचे तुकडे, झाकणाचे रिकामे डबे असे काहीही चालेल. शेंगदाणे, हरभरे, सरकी असल्या नाकातोंडात जाणाऱ्या बारीक वस्तू मात्र तिच्यात नकोत.

तिने स्वतःच अंगावर पिण्याचा हट्ट धरला, तर ‘एवढी मोठी घोडी’ असे कोणी म्हणू नये. बहुतेक मुले एकदा तोंड लावून पाहतात आणि बाजूला होतात.

आणखी एक साधी युक्ती सांगते, जी मी अनेक घरांत उपयोगी पडताना पाहिली आहे. आपण दिवसभर मोठ्या मुलाला ‘थांब, बाळाचे करते’ असे म्हणत असतो. त्याच्या उलट वाक्य त्याने कधी ऐकलेलेच नसते. बाळ नुसते कुरकुरत असेल, भुकेने कळवळत नसेल, अशा वेळी मुलीला ऐकू जाईल असे बाळाला म्हणा, ‘थांब रे राजा, ताईचे सांगून होऊ दे, मग तुला घेते.’ बाळाला त्यातले काही कळणार नाही आणि अर्ध्या मिनिटाने त्याचे काही बिघडणारही नाही. पण आपल्यासाठी बाळालाही थांबवले जाते, हे मुलीला कळेल.

बोलताना अडखळण्याची काळजी तुम्ही थोडी बाजूला ठेवू शकता. दोन ते पाच वर्षे या वयात पुष्कळ मुले शब्दाची सुरुवात किंवा अख्खा शब्द दोन-तीनदा म्हणतात, कारण सांगायचे पुष्कळ असते आणि जीभ अजून तेवढी तयार नसते. घरात मोठा बदल झाला, की हे अडखळणे वाढूही शकते. बहुतेकांचे ते आपोआप जाते. तोपर्यंत ‘नीट बोल’, ‘हळू बोल’, ‘पुन्हा म्हण’ यांपैकी काहीही म्हणू नका, तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, आणि सासूबाईंनाही हे समजावून सांगा. तिच्याकडे पाहत तिचे बोलणे पुरे होऊ द्यावे आणि आपण स्वतः थोडे सावकाश बोलावे. तिचे अनुकरण करून कोणी हसत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, शब्द घशात अडकून आवाजच फुटेना, ती बोलायचे टाळू लागली, किंवा घरात कोणाला मोठेपणीही तोतरेपणा असेल, तर वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या वाचेच्या अडचणी तपासून पुढील उपचारांची दिशा दिली जाते, त्याची चौकशी अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात करा.

अंथरूण ओले होण्याचेही तसेच आहे. या वयात रात्र कोरडी जावी अशी अपेक्षाच कच्ची असते. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप येत असेल, तरच डॉक्टरांना दाखवा. एरवी चादर बदला आणि विषय काढू नका.

आता ज्या गोष्टीविषयी तुम्ही लिहिलेले नाही, पण जी आपल्याकडे बहुतेक घरांत घडते, त्याविषयी थोडे कठोर लिहिते. बाळ पाहायला येणारी माणसे मोठ्या मुलीला म्हणतात, ‘आता तुझे लाड संपले,’ ‘आता आई बाळाची,’ ‘तुला आम्ही घेऊन जातो.’ ती प्रेमाने चेष्टा करतात, पण मुलगी ते शब्दशः घेते. दुसरे कौतुक त्याहून जड असते : ‘गुणाची पोर, पाठीवर भाऊ घेऊन आली!’ म्हणजे तिचा गुण कोणता, तर भाऊ आणणे. तीन वर्षांच्या मुलीला याचा अर्थ शब्दांत सांगता येत नाही, तरी तो तिच्या मनात उतरतो, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी पाहुण्यांची भीड धरू नका. ‘ती आमची पहिली आहे, आणि ती आली तेव्हाही आम्ही असेच पेढे वाटले होते,’ असे तिच्यादेखत म्हणा. वाटले नसतील, तर निदान तिच्या बारशाची आठवण तिला सांगा. कोण आले होते, नाव कोणी कानात सांगितले, पाळणा कुठे बांधला होता, हे सारे तिला पुन्हापुन्हा ऐकायचे असेल.

माहेरी पाठवण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे : आत्ता एकटीला महिना-दोन महिन्यांसाठी पाठवू नका. बाळ आले आणि मला घरातून काढले, एवढाच अर्थ ती लावील. पण अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, ही तर सासुरवाशिणीने माहेरी जाण्याचा सण आहे. प्रवास सकाळच्या गारव्यात होणार असेल आणि घरी सोय असेल, तर आठ दिवस तुम्ही दोन्ही मुलांसह जा. निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर मुलीला तुम्ही स्वतः बसवा आणि तेवढा वेळ बाळ आजीच्या मांडीवर असू द्या. बाळाच्या दहाव्या आठवड्याच्या लसी या दिवसांत येतील. त्यांची तारीख पाहून जाण्याचे ठरवा.

हेच गणित घरीही मांडा. वडील रात्री आले, की साधारणतः ते मोठीला बाहेर फिरवतात आणि आई बाळापाशी राहते. त्यानेही मदत होते, पण निम्मे दिवस तरी ते उलटे करा. बाळ वडिलांच्या खांद्यावर आणि तुम्ही मुलीबरोबर ओट्यावर, वीस मिनिटे, मोबाइल घरात ठेवून. यजमान थकून येतात हे खरे आहे. तुम्हीही दिवसभर थकलेल्याच असता.

दोन सावधगिरीच्या सूचना. ताई कितीही मायेची असली, तरी तिला बाळाजवळ एकटी सोडून खोलीबाहेर जाऊ नका. टाळू मऊ असते, आणि ताईला बाळाच्या तोंडात बिस्किट घालावेसे वाटतेच. दुसरे, खानदेशातल्या 44-45 अंशांच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी लागत नाही, आईच्या दुधात पुरेसे पाणी असते; पाणी तुम्ही जास्त प्यावे, आणि बाळाला अधिक वेळा पाजावे. घुटी नको, आणि मध तर वर्षापर्यंत अजिबात नको.

शेवटचे तुमच्याविषयी. बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत असेल, किंवा स्वतःला अथवा मुलांना इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर तो तुमचा स्वभाव किंवा दुबळेपणा नसून बाळंतपणानंतर येऊ शकणारा आजार आहे, आणि तो बरा होतो. यजमानांना सांगा, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही विनामूल्य बोलता येते. आशाताई तिसऱ्या महिन्यात बाळाला पाहायला येतील, तेव्हा त्यांच्याशी स्वतःविषयीही बोला.

प्रश्न : मी साक्री तालुक्यातील आजी आहे. नातू तीन वर्षांचा, नात चार महिन्यांची. सून दोघांचे करून दमते, म्हणून नातू बराच वेळ माझ्याजवळ असतो आणि माझ्यासारखा अहिराणीत भरभरून बोलतो. मुलगा म्हणतो, शाळेत अडचण येईल, त्याच्याशी मराठीतच बोलत जा. मला तसे जमत नाही. काय करावे?

उत्तर : आजी, तुम्ही अहिराणीतच बोला. मुलाला भाषा मिळते ती सहज, मनापासून बोलणाऱ्या माणसाकडून. अडखळत, जपून बोललेल्या मराठीतून त्याला थोडेच मिळेल. दोन भाषा ऐकणारी मुले काही काळ एकाच वाक्यात दोन्हींचे शब्द मिसळतात आणि पुढे कोणाशी काय बोलायचे ते आपोआप ओळखू लागतात. त्यामुळे बोलणे मागे पडत नाही. त्याला किती शब्द येतात हे मोजायचे असेल, तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. आईवडील मराठी बोलतात, अंगणवाडीत मराठी आहे, तेवढी मराठी त्याला पुरेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असेच म्हटले आहे, हे मुलाला सांगा.

आणि सून दमते, त्यावर तुमच्याच हातात एक उपाय आहे. नातवाला जवळ ठेवता, तसे रोज थोडा वेळ नातीला मांडीवर घ्या आणि नातवाला त्याच्या आईकडे पाठवा. चार महिन्यांची नात आता आवाजाकडे मान वळवत असेल, तुमच्या तोंडाकडे टक लावून पाहत असेल. तिच्याशीही अहिराणीतच बोला आणि ती हुंकार देईपर्यंत थोडे थांबा.