सेल गेला नाही, आत जाऊन बसलाय

तुझे प्रश्न असे: सोनीच्या पीएस३ या गेम कन्सोलमधल्या सेलसारखा धाडसी प्रोसेसर आता कोणी का बनवत नाही, पुढचे कन्सोल म्हणजे वेगळ्या डब्यातले पीसीच असणार का, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला यातून काही मिळेल का.

मला विचारशील तर सेल परत आलाय. या वेळी तो गेम लिहिणाऱ्याच्या नजरेला पडणार नाही, एवढाच फरक.

आधी मूळ दुखणं समजून घे. सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून केलेला सेल २००६ साली पीएस३ मध्ये आला. एक मुख्य कोर आणि भोवती ८ छोटे मदतनीस कोर, म्हणजे एसपीई. त्यातला एक मुद्दाम बंद, म्हणजे एखादा खराब निघाला तरी अख्खी चिप भंगारात जाऊ नये. एक सिस्टिमने घेतलेला. गेमच्या वाट्याला ६. प्रत्येकाजवळ स्वतःची २५६ केबी मेमरी, कोड आणि डेटा दोन्ही त्यातच बसवायचे, आणि कॅश, म्हणजे लागणारा डेटा आपोआप जवळ ठेवणारी मेमरी, नाहीच. लागेल ते डीएमएने (मुख्य मेमरीशी डेटाची थेट ने-आण करणारी सोय) आपणच आणायचं, आपणच परत नेऊन ठेवायचं.

मी पुण्यात वीस वर्षं डीएसपीवर, म्हणजे आवाजासारख्या सिग्नलवर काम करणाऱ्या चिपवर, कोड लिहितोय, त्यामुळे हे काम अंगवळणी पडलंय. बफरचे दोन भाग करायचे. एकावर हिशेब चालू असताना दुसऱ्यात पुढचा माल उतरत असतो, मग अदलाबदल. ती अदलाबदल किंचित लवकर झाली की आवाजात बारीक टिकटिक येते. अशा एका टिकटिकीपायी माझे चार दिवस गेले, आणि चूक निघाली एका ओळीची. आता हेच सहा कोरांवर, रिलीजची तारीख डोक्यावर असताना करून बघ! सी-डॅकने १९९१ साली इथेच परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून. तिथेही कामाची वाटणी आणि डेटाची ने-आण प्रोग्रामरच्याच गळ्यात होती. पण संशोधकाला दिवाळीच्या आत दुकानात डिस्क पोचवायची नसते.

२०१३ साली सोनीने हा हट्ट सोडला. पीएस४ मध्ये एएमडीचे ८ साधे जॅग्वार कोर आणि ८ जीबी सामाईक मेमरी. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून सोनी आणि मायक्रोसॉफ्ट एक्स८६ वर, म्हणजे पीसीतल्याच प्रोसेसरच्या घराण्यावर, आहेत आणि राहतील, कारण जुने गेम नव्या यंत्रावर चाललेच पाहिजेत, ही आता गिऱ्हाइकाची अटच आहे. निन्टेन्डोचं आर्म प्रोसेसर आणि एनव्हिडिया ग्राफिक्सचं लग्न वेगळं, हातात धरायच्या यंत्रात बॅटरी बोलते.

आता कागद-पेन घे. पीएस५ ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते. ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण साडेसात जीबी. ४के चित्रात जवळजवळ ८३ लाख पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलमागे ९०० बाइट. आणि त्याच पिक्सेलमागे गणितं किती करता येतात? १०.२८ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतकी लाख कोटी गणितं) कागदावर खरे धरले तर वीस हजारांच्या वर. गणितं करणारे स्वयंपाकी रगड आहेत, पण मेमरीची कोठीची खोली लांब आणि बोळ अरुंद. अजून स्वयंपाकी आणून काय होणार? ओट्यावर आलेल्या मालातच जास्तीत जास्त पदार्थ उरकले पाहिजेत. सेलची २५६ केबी म्हणजे हाच ओटा.

पीएस५ मधल्या टेम्पेस्ट या ऑडिओच्या भागाकडे कोणी फारसं बघत नाही. तो म्हणजे ग्राफिक्स चिपमधलं हिशेब करणारं एक कम्प्यूट युनिट, कॅश काढून टाकलेलं, सगळा डेटा डीएमएने आणणारं. पीएस५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नीने २०२० मध्ये तो उघडउघड एसपीईच्या वळणाचा म्हणून सांगितला होता. २०२४ च्या पीएस५ प्रो मध्ये चित्र मोठं करणाऱ्या न्यूरल नेटवर्कसाठी ग्राफिक्स कोरांची व्हेक्टर रजिस्टरंच, म्हणजे हिशेबाच्या अगदी जवळची मेमरी, ओटा म्हणून वापरली आहेत. कम्प्यूट युनिटांच्या ३० जोड्या, प्रत्येकी ५१२ केबी, एकूण १५ एमबी. अख्खं चित्र त्यात मावत नाही, म्हणून तुकडे करून एकेका तुकड्यावर नेटवर्कचे एकापाठोपाठ एक थर चालवायचे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनी आणि एएमडीने पुढच्या कन्सोलसाठी ज्या तीन गोष्टी दाखवल्या त्याही याच वाटेवरच्या: कम्प्यूट युनिटं आपसात डेटा वाटून एकाच मोठ्या एआय इंजिनासारखी वागणार, प्रकाशकिरणांचा माग काढायला स्वतंत्र भाग, आणि मेमरीकडे ये-जा करणारा सगळाच डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवणं. तिसरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची.

मग चिपवरची मेमरीच भरपूर का वाढवत नाहीत? कारण ती आता आक्रसत नाही. चिप बनवणाऱ्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर एसरॅमचं, म्हणजे चिपवरच्या मेमरीचं, एक बिट साठवणारं घर ०.०२१ चौरस मायक्रॉनचं होतं, ३ नॅनोमीटरच्या एन३ई वरही तेवढंच. नवी प्रक्रिया महाग, आणि कॅशपुरता फायदा शून्य. पीएस३ चं महागडं मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला आलं आणि तीन वर्षांत पीएस३ २९९ वर उतरला. पीएस५ आपल्याकडे २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. त्याला रुपया-डॉलरचीही कारणं आहेत, पण चिप लहान होत जाईल आणि कन्सोल स्वस्त होईल हा जुना हिशेब मोडलाय. पुढचा येईल तेव्हा टेराफ्लॉप्सच्या जाहिरातीवर जाऊ नकोस. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला मेमरीतून येणारा डेटा, किती आणि चिपवरची मेमरी किती, ते आधी बघ.

प्रोजेक्टचं म्हणशील तर कॉलेजच्या लॅबमधलं साधं ग्राफिक्स कार्ड पुरे. एका चित्रावर ३×३ चे तीन कन्व्होल्यूशन थर (प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांशी मिसळून नवा काढणं) चालव. आधी प्रत्येक थराचं उत्तर मेमरीत लिहून. मग ३२×३२ चा तुकडा चिपवरच्या शेअर्ड मेमरीत घेऊन तिन्ही थर तिथल्या तिथे. वेळ मोज. दुसऱ्या पद्धतीत एक गंमत दिसेल: प्रत्येक थर चारही बाजूंनी एकेक पिक्सेलची कडा खातो. तीन थरांनंतर १०२४ पैकी २६×२६, म्हणजे ६७६ पिक्सेलच कामाचे उरतात. बाकीचे शेजारच्या तुकड्याबरोबर पुन्हा मोजायचे. तरीही ते परवडतं का, आणि किती थरांपर्यंत परवडतं, याचा आलेख काढ. गाइड विषय किरकोळ आहे म्हणाले तर तो आलेख पुढे कर.