‘मध्यवर्ती’ कोण, सीमा की प्रमेय?

प्रश्न असा आलाय: “‘मध्यवर्ती सीमा प्रमेय’ यातली मध्यवर्ती सीमा म्हणजे नेमकी कुठली? सरासरी मध्यभागी असते म्हणून हे नाव पडलं का? आणि ‘नमुना वितरण’ म्हणजे आपण घेतलेल्या सॅम्पलचा आलेख, बरोबर ना?”

(प्रमेय म्हणजे इंग्रजीतलं सेंट्रल लिमिट थिअरम, सॅम्पल मोठं घेत गेलं की सॅम्पलांच्या सरासऱ्या घंटेच्या आकारात पसरतात असं सांगणारं.) तिन्ही ठिकाणी घोटाळा आहे, आणि त्याचा दोष प्रश्न विचारणाऱ्याला देता येत नाही कारण हे शब्द लिहिलेच तसे जातात. सीमा म्हणजे लिमिट, प्रमेय म्हणजे थिअरम, हे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. खरा मजकूर ‘मध्यवर्ती’मध्ये आहे. मध्यवर्ती सीमा नावाची गोष्टच या प्रमेयात नाही! मध्यवर्ती आहे ते प्रमेय.

१९२० साली जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने, तेव्हा तो झुरिकला शिकवत होता, जर्मनमध्ये एक पेपर लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच हे नाव घातलं, त्सेंट्रालर ग्रेन्त्सवेर्टझाट्स. का, तर संभाव्यताशास्त्रात या प्रमेयाची जागा मध्यवर्ती आहे, बाकीचं बरंच काही त्याच्याभोवती उभं आहे म्हणून. बस, एवढंच कारण. सरासरीचा, मधल्या आकड्याचा, कशाच्या मध्यबिंदूचा इथे काही संबंध नाही. प्रमेय स्वतः तर कितीतरी जुनं, द म्वाव्र याने १७३३ मध्ये नाण्याच्या छाप्या-काट्यापुरतं ते मांडलं, लाप्लासने १८१० मध्ये ते पुष्कळ व्यापक केलं, ल्यापुनोव्हने १९०१ मध्ये त्याला नीट सिद्धता दिली, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं ते या नावाशिवाय सुखाने नांदलं आणि मग पोल्याने बारसं केलं.

आता जर्मन शब्द बघा, कारण मजा तिथेच आहे. ग्रेन्त्से म्हणजे हद्द (हा शब्द जर्मनांनी स्लाव्ह भाषांतल्या ‘ग्रानित्सा’वरून उचललाय, म्हणजे हद्दीचा शब्दच हद्दीपलीकडून आलेला), वेर्ट म्हणजे मूल्य, झाट्स म्हणजे प्रमेय. जर्मन माणूस हे तिन्ही चिकटवून एकच शब्द लिहितो. आणि जोडशब्दाच्या आधी विशेषण आलं की ते नियमाने शेवटच्या पदाला लागतं, म्हणजे झाट्सला, म्हणजे प्रमेयाला. तिथे शंकेला जागाच नाही. इंग्रजीने ते फोडून तीन सुटे शब्द केले आणि आपण इंग्रजीवरून जसंच्या तसं घेतलं, जागा सोडण्यासकट.

मराठीला याची गरज नव्हती! आपल्याकडे समास आहे. ‘जुना घरमालक’ म्हटलं की मालक जुना, घर नवंकोरं असलं तरी चालेल, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तसंच ‘मध्यवर्ती सीमाप्रमेय’ असं जोडून लिहा, निम्मा घोटाळा तिथेच मिटतो. उरलेला निम्मा का मिटत नाही तर ‘मध्यवर्ती’ हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. सीमा स्त्रीलिंगी, प्रमेय नपुंसकलिंगी, त्यामुळे बदलणारं विशेषण असतं तर ते आपोआप बोललं असतं की मी कुणाचं आहे. ‘मोठी सीमा’ आणि ‘मोठं प्रमेय’ यात कोण चुकेल? म्हणून मी कधीपासून म्हणतोय की याला ‘थोरलं सीमाप्रमेय’ म्हणावं. ‘थोरलं’मध्ये मान आहे, घरातली जागा आहे, पोल्याला म्हणायचं होतं ते सगळं आहे, आणि त्या शेवटच्या अनुस्वाराने सीमेचा दावा खोडून निघतो. हा शब्द पुस्तकी वाटत नाही असा आक्षेप घेतात, तो मला पटत नाही, पुस्तकी वाटूनसुद्धा चुकीचा अर्थ पोचवणारा शब्द काय कामाचा? आणि ‘केंद्रीय मर्यादा सिद्धांत’ लिहितात त्यांचं तर विचारूच नका. मर्यादा म्हटलं की वाचणारा शोधायला लागतो की बंधन कशावर आहे, सॅम्पलच्या आकारावर का डेटावर! बंधन कशावरच नाही. सॅम्पलचा आकार वाढवत नेला की सरासऱ्यांच्या वितरणाचा आकार ज्या आकाराकडे जातो तो सीमा-आकार, आणि तो घंटेसारखा, एवढाच ‘सीमा’चा अर्थ.

फ्रेंच मंडळींचं वेगळं म्हणणं आहे तेही सांगायला हवं. त्यांच्यात ‘मध्यवर्ती’चा अर्थ असा लावतात की हे प्रमेय वितरणाच्या मधल्या भागाचं वर्णन करतं, टोकांचं नाही. यातलं गणित खरं आहे. दहा फासे टाकून बेरीज घ्या. बरोब्बर ३५ यायची शक्यता मोजून ७.२७ टक्के येते, घंटेच्या सूत्राने ७.३९, म्हणजे मध्यभागी अगदी जवळ. पण दहाही षटकार, बेरीज ६०, याची शक्यता सहा कोटींत एक आणि घंटेचा अंदाज त्याच्या जवळजवळ शंभर पट. तेव्हा टोकांना या प्रमेयावर विसंबू नये हे शंभर टक्के मान्य. पण म्हणून नावाची व्युत्पत्ती बदलत नाही! नाव देणाऱ्याने कारण दिलेलं असताना मागाहून दुसरं, जास्त देखणं कारण चिकटवायचं याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत, मग ते म्हणणारे कितीही मोठे गणिती असोत.

आता नमुना वितरण. इथे माझी तक्रार एका अनुस्वाराची आहे. ‘नमुन्याचं वितरण’ आणि ‘नमुन्यांचं वितरण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ‘नमुना वितरण’ असं लिहिलं की एकवचन-अनेकवचन दोन्ही गिळलं जातं. हातात एक सॅम्पल आहे, त्यातल्या आकड्यांचा आलेख काढला, ते नमुन्याचं वितरण. तुम्ही जे समजताय ते हे. संख्याशास्त्रातलं नमुना वितरण म्हणजे त्याच आकाराची सॅम्पलं पुन्हा पुन्हा घेतली असती, प्रत्येकाची सरासरी काढली असती, तर त्या सगळ्या सरासऱ्या कशा पसरल्या असत्या त्याचं चित्र. प्रत्यक्षात आपण एकच सॅम्पल घेतो, म्हणून हे चित्र डोळ्याला कधी दिसत नाही, आणि मला वाटतं पहिल्या वर्षाच्या मुलांची सगळी अडचण यात आहे, न घेतलेल्या सॅम्पलांबद्दल विचार करायचा असतो. खरं तर ‘नमुना-सरासऱ्यांचं वितरण’ असं लांबलचक लिहावं, शाई थोडी जास्त जाईल. (सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, घेतला तर मध्यकांचं वितरण, तेही नमुना वितरणच.)

यावरून ते वाक्य, जे ऐकलं की माझं डोकं फिरतं: “सॅम्पल ३० च्या वर गेलं की डेटा नॉर्मल होतो”, म्हणजे घंटेसारखा. डेटा कुठेही जात नाही हो! एक फासा सहाशे वेळा टाका, प्रत्येक आकडा शंभरच्या आसपास येणार, आलेख सपाट. सहा लाख वेळा टाका, आणखी सपाट. सॅम्पल मोठं झालं की ते जिथून आलं त्या मूळ समष्टीसारखं दिसायला लागतं, घंटेसारखं नाही. घंटा सरासऱ्यांची होते. एका फाशाची सरासरी ३.५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचं माप, १.७१. पंचवीस-पंचवीस फाशांच्या सरासऱ्या घेतल्या तर त्यांचं विचलन १.७१ भागिले ५, म्हणजे ०.३४, आणि शंभर-शंभरच्या घेतल्या तर भागिले १०, ०.१७. भागायचं सॅम्पलच्या आकाराच्या वर्गमुळाने, म्हणून पसारा निम्मा करायला सॅम्पल चौपट लागतं. सरासऱ्या आत ओढल्या जातात ही गोष्ट मोठ्या संख्यांच्या नियमाची, ती बर्नूलीची, १७१३ मध्ये छापलेली. त्या कुठल्या आकारात गोळा होतात ते थोरल्या सीमाप्रमेयाचं. या दोघांची गल्लत करून वर पुन्हा “म्हणून मध्यवर्ती म्हणतात” असं सांगणारे भेटतात.

आणि ३० हा आकडा कुठल्याही प्रमेयात नाही. हजारात एकदा घडणारी गोष्ट घ्या, घडली तर १, नाही तर ०, आणि तीस-तीसची सॅम्पलं काढा. शंभरातल्या सत्त्याण्णव सॅम्पलांत सगळे शून्यच असणार, सरासरी शून्य! शून्यावर एक उंच खांब आणि बाजूला थोडा चुरा, याला घंटा म्हणणार का? तिथे तीस नाही, हजारोंचं सॅम्पल लागतं. उलट मूळ वितरण दोन्ही बाजूंना सारखं असेल तर दहा फाशांतच काम होतं, वर बघितलंच. आणि कोशीचं वितरण (ज्यात अवाढव्य आकडे वरचेवर येतात) घेतलंत तर लाखांची सरासरी काढूनही उपयोग नाही, त्याला मुळात सरासरीच नाही, सॅम्पलची सरासरी एका आकड्याइतकीच सैरभैर राहते. प्रमेयाची अट आहे ती पसारा मर्यादित असण्याची, आणि आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असण्याची. मर्यादा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे, पसाऱ्याच्या जागी वापरा.