यूएसबी केबल जोडली, पण पोर्ट दिसत नाही

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. संगणकावर उबुंटू २२.०४ बसवल्यापासून जुन्या सीएनसी यंत्राला जोडायच्या यूएसबी-सिरियल केबलचा पोर्टच दिसत नाही. सोबतच्या सीडीतील ड्रायव्हर विंडोजसाठीच आहे. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सीडीची गरज नाही. स्वस्त केबलींमध्ये बऱ्याचदा सीएच३४० ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर उबुंटू ज्यावर आधारलेले आहे त्या लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतो. केबल जोडून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही कमांड द्यावी; ती जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवते. यादीत १ए८६:७५२३ (1a86:7523) हा क्रमांक आला, तर केबल संगणकापर्यंत पोहोचली आहे आणि अडचण पुढे आहे. यादीत काहीच नवे दिसत नसेल, तर मधला हब काढून दुसऱ्या पोर्टमध्ये जोडून पाहावी.

यानंतर ‘सुडो डीएमईएसजी’ (sudo dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींतील शेवटच्या ओळी नीट वाचाव्यात; ‘सुडो’ म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. टीटीवाययूएसबी० (ttyUSB0) हा पोर्ट तयार होऊन लगेच तुटल्याची नोंद आणि जवळच ‘बीआरएलटीटीवाय’ (brltty) हे नाव आढळले, तर कारण सापडले. हा प्रोग्राम अंध व्यक्तींना ब्रेल डिस्प्लेवर पडद्यावरील मजकूर वाचता यावा यासाठी असतो. एका ब्रेल डिस्प्लेचा ओळख क्रमांकही १ए८६:७५२३ हाच असल्याने तो आपल्या केबललाच ब्रेल डिस्प्ले समजून तिचा ताबा घेतो. त्या संगणकावर कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसल्यास ‘सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’ (sudo apt remove brltty) ही कमांड देऊन केबल पुन्हा जोडावी. वापरत असल्यास मात्र तो प्रोग्राम मुळीच काढू नये, कारण त्या व्यक्तीचे सगळे काम त्यावरच चालते. अशा वेळी यूडेव्ह (udev) या, जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या यंत्रणेच्या बीआरएलटीटीवायसाठीच्या नियमांच्या फाइलमध्ये या क्रमांकाच्या ओळीपुढे # चिन्ह घालून तेवढीच ओळ बंद करावी.

पोर्ट दिसूनही परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर आपले खाते सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ (dialout) गटात नाही, असे समजावे. ‘सुडो अ‍ॅडयूजर’ (sudo adduser) यापुढे खात्याचे नाव आणि शेवटी गटाचे नाव लिहून ते गटात घालावे, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन व्हावे. दर वेळी सॉफ्टवेअर सुडोने चालवूनही काम होते, पण अनेक कामगार हाताळतात त्या संगणकावर ही सवय धोक्याची आहे. एवढ्यावर पोर्ट उघडला आणि तरीही यंत्र प्रतिसाद देत नसेल, तर यंत्राच्या कंट्रोलरच्या पुस्तिकेतील बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट या जोडणीच्या सेटिंग्ज सॉफ्टवेअरमध्ये जशाच्या तशा भरल्या आहेत का, ते तपासावे.