शीश्युंग की श्युएजांग?

चिनी मालिकांमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाला कुणी ‘शीश्युंग’ म्हणतं, कुणी ‘श्युएजांग’. दोन्हींचा अर्थ ‘सीनियर’च ना, आणि हे जपानी ‘सेनपाई’वरून आलं का, असा प्रश्न आहे.

अर्थ जवळपास तोच, पण कुळं वेगळी. शीश्युंगमधला ‘शी’ म्हणजे गुरू आणि ‘श्युंग’ म्हणजे थोरला भाऊ. हा शब्द शाळेतला नाही. कारागीर, मठ आणि कुस्ती-तलवारीचे आखाडे इथला आहे. तिथे गुरू हा ‘शीफू’, आणि त्यातल्या ‘फू’चा अर्थच बाप. ‘एका दिवसाचा गुरू, जन्मभराचा बाप’ अशी त्यांच्याकडे म्हण आहे. बाप आला की भावंडं ओघानेच आली: थोरली शीज्ये, धाकटा शीदी, धाकटी शीमेइ. आपल्या ‘गुरुबंधू’त थोरला-धाकटा कळत नाही, चिनीत ते ठरवल्याशिवाय हाकच मारता येत नाही. आणि परंपरेने थोरलेपण वयावर नव्हे, गुरूच्या दारात आधी कोण आलं त्यावर ठरतं. त्यामुळे विशीतला पोरगा तिशीतल्याचा शीश्युंग असू शकतो. या हाकेत अधिकारही असे. १९००च्या बॉक्सर उठावात, म्हणजे चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बंडात, गावोगावच्या तुकड्यांचे म्होरके ‘ताशीश्युंग’, म्हणजे सर्वांत थोरले गुरुबंधू, म्हणवले जात.

श्युएजांगची गोष्ट मला जास्त आवडते. ‘श्युए’ म्हणजे शिक्षण, ‘जांग’ म्हणजे थोर किंवा प्रमुख. मुख्याध्यापक आणि कुलगुरू यांच्यासाठीच्या ‘श्याओजांग’मध्ये हाच ‘जांग’ आहे. श्युएजांग हे एके काळी चक्क पद होतं. पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू त्साय युआनपेइ यांनी १९१७ साली छन तूश्यू यांना नेमलं ते साहित्य शाखेचे श्युएजांग म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत डीन. आता हा शब्द कॅन्टीनमध्ये चहा पाजणाऱ्या सीनियरला लागतो! पदनामाची खूण अजून दिसते, कारण मुलगा ‘श्युएजांग’ असला तरी मुलगी ‘श्युएज्ये’, शब्दशः शाळेतली ताई. धाकटे श्युएदी आणि श्युएमेइ हेही असेच नात्याच्या साच्यात ओतलेले.

सेनपाईचा प्रवास मात्र उलट्या दिशेचा. तो चिनी ‘शियेनबेइ’चाच जपानी उच्चार, कोरियन ‘सनबे’ही तोच. तांग राजवटीत (सातवं ते दहावं शतक) सरकारी अधिकारी निवडणाऱ्या शाही परीक्षेचे उमेदवार एकमेकांना मान म्हणून शियेनबेइ म्हणत, आणि एकाच वर्षी उत्तीर्ण झालेले एकमेकांचे ‘थुंगन्येन’, म्हणजे समवर्षी, ठरत. खुद्द चीनमध्ये आज शियेनबेइ म्हणजे मागच्या पिढीतली मंडळी, पूर्वज. कॉलेजातल्या सीनियरला कुणी ते म्हणणार नाही.

मालिका पाहताना एवढं लक्षात ठेवा: एकाच मार्गदर्शकाकडे संशोधन करणारे शीश्युंग-शीमेइ, नुसतं कॉलेज एक असेल तर श्युएजांग. ग्वांगतुंग आणि हाँगकाँगकडे ही रेघ पुसट आहे, तिथे कुठल्याही सीनियरला शीश्युंग चालतं. आणि एखाद्या बौद्ध मंदिरात बाईला शीश्युंग म्हटलेलं ऐकलंत तर सबटायटल चुकलं असं समजू नका. गृहस्थ उपासकांमध्ये स्त्रियांनाही आदराने तसंच म्हणण्याची पद्धत आहे.