तिलारीच्या जंगलाचा नकाशा करताना आधी एवढं बघा

सिंधुदुर्गात दोडामार्ग ते आंबोली अख्ख्या पट्ट्यातल्या जंगलाचे तीस वर्षांतले बदल उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशावर आणायचे, असा तुमचा बेत. उत्साह चांगला आहे, पण एवढं सगळं आत्ता नको. एकच खोरं घ्या, दोनच वर्षांची तुलना करा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पिक्सेल (चित्रातला एक ठिपका) जमिनीवर १० मीटरचा. जुना काळ हवा तर लँडसॅट उपग्रहांची, पिक्सेल ३० मीटरचा. नकाशे करायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर पुरे.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

१. महिना. पावसाळ्यात ढगांमुळे फारसं काही हाती लागत नाही. पण एका वर्षाचा डिसेंबर आणि दुसऱ्याचा एप्रिल शेजारी ठेवलात, तर पानगळच जंगलतोड वाटेल. दोन्हीकडे महिना एकच ठेवा.

२. हिरवं दिसलं की जंगल, असं नसतं. एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवाईचा आकडा, फक्त हिरवाई सांगतो. काजूची बाग आणि सदाहरित रान त्याला जवळपास सारखंच. दोडामार्गात तर रबरही आहे. रबर हिवाळ्याच्या शेवटी पानं झाडतं, म्हणून डिसेंबरपासून मार्चपर्यंतची चित्रं ओळीने पाहिलीत तर ते बरंचसं वेगळं काढता येतं. काजूला ही युक्ती चालत नाही. तिथे पायपीटच.

३. सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, नकाशावर 'पडीक' म्हणून रंगवू नका. (सरकारी नोंदींनी ते आधीच पुरेसं केलंय.)

जीपीएसने प्रत्येक प्रकारच्या जागांच्या नोंदी घ्या आणि त्यातल्या काही नकाशा तपासायला वेगळ्या ठेवा; ज्या नोंदींवरून नकाशा केला, त्यांवरूनच तो तपासू नका. रडार, मशीन लर्निंग नंतर बघू. पहिला नकाशा झाला की दाखवा.